कानाचं मशीन कपाटात का राहतं?

सर्दी-खोकल्यासाठी मूल दवाखान्यात येतं. जुन्या कागदांत श्रवणदोषाची नोंद असते, पण कानात मशीन नसतं. विचारलं की आई म्हणते, "घरीच आहे डॉक्टर. शाळेत घालतच नाही, नुसता गोंगाट येतो म्हणतो." मग त्याला हट्टी ठरवलं जातं. माझ्या मते मूल बहुधा खरं तेच सांगत असतं.

चष्मा लावला की फळा स्पष्ट दिसतो. श्रवणयंत्राचं तसं नाही. ते बाईंचा आवाज वाढवतं, तसाच पंख्याचा, बाक सरकवल्याचा आणि शेजारच्या वर्गातल्या पाढ्यांचाही. डिजिटल यंत्रं थोडीफार निवड करतात, पण अंतरापुढे तीही कमी पडतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे 6 डेसिबलने घटतो. वर्गात भिंतींवरून घुमणारा आवाज त्यात आणखी गोंधळ घालतो.

यावर चांगला उपाय आहे. शिक्षकांच्या गळ्यात छोटा माइक असतो आणि त्यांचा आवाज बिनतारी थेट मुलाच्या यंत्रात पोचतो. याला एफएम सिस्टिम किंवा रिमोट माइक म्हणतात. बाई फळ्याकडे तोंड करून बोलल्या तरी ऐकू येतं. हे महाग आहे आणि प्रत्येक यंत्राला जुळतंच असं नाही, म्हणून यंत्र घेतानाच ऑडिओलॉजिस्टना विचारा.

खर्च फक्त पालकांनीच का करायचा? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सरकारी अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळांनी मुलाच्या गरजेनुसार सोय करून देणं अपेक्षित आहे. शाळेला लेखी अर्ज द्या, तोंडी विनंती विसरली जाते. माइक येईपर्यंत पहिला बाक, रस्त्याकडच्या खिडकीपासून दूर, बरा कान शिक्षकांकडे. एवढ्याला पैसे लागत नाहीत.

पालकांकडेही काही कामं आहेत. मूल वाढतं तसा कानही वाढतो. साचा सैल झाला की यंत्र शिट्टी मारतं आणि वर्ग हसतो; मग ते दप्तरातून बाहेर येत नाही. साचा वेळेवर बदला. पावसाळ्यात यंत्र रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवा. कान वाहत असेल तर यंत्र न घालता आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. मळाचा संशय आला तर कान तपासून घ्या, घरी तेल मात्र घालू नका.