दुर्गेचा जन्म आणि विज्ञानाची मालकी

कोलकात्यालगतच्या न्यू टाउनमध्ये आज खासगी रुग्णालयांतून वंध्यत्वावर उपचार होतात. बीजांड शरीराबाहेर फलित करणे, तिसऱ्या दिवशी सुमारे आठ पेशींचे झालेले भ्रूण तपासणे, ते गोठवून ठेवणे आणि अनुकूल वेळी गर्भाशयात सोडणे, हे आता नित्याचे काम झाले आहे. परंतु याच महानगरात या विद्येचा पाया घालणाऱ्या शास्त्रज्ञाच्या वाट्याला काय आले, याचे स्मरण श्रमिक चळवळीने ठेवलेच पाहिजे.

३ ऑक्टोबर १९७८ रोजी कोलकात्यात ‘दुर्गा’ जन्मली. इंग्लंडमधील जगातील पहिल्या नलिका-बालिकेनंतर अवघ्या सत्तर दिवसांनी! डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी तुटपुंज्या साधनांनिशी भ्रूण ५३ दिवस गोठवून मग ते मातेच्या गर्भाशयात सोडले होते. गोठविलेल्या भ्रूणापासून परदेशात पहिले मूल जन्मले ते १९८४ साली.

या कार्याचा गौरव होण्याऐवजी चौकशी झाली. सरकारी समितीचे अध्यक्ष रेडिओ-भौतिकीचे प्राध्यापक होते. समितीने हा दावा खोटा ठरविला. डॉक्टरांना जपानला जाण्याची परवानगी नाकारण्यात आली आणि १९८१ साली त्यांची बदली नेत्रचिकित्सा संस्थेत झाली. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली.

त्या वेळी राज्यात डाव्या आघाडीचे सरकार होते. हे सत्य झाकण्याचे कारण नाही. सत्ता बदलली तरी वसाहतकाळातील नोकरशाही आपोआप बदलत नाही. तिच्यावर लोकांचा अंकुश नसेल तर ती नवनिर्मितीचा गळा घोटते, हा या प्रकरणाचा कटू धडा आहे.

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईत महापालिकेच्या के.ई.एम. रुग्णालयात ‘हर्षा’ जन्मली. हे यश सार्वजनिक संस्थांचे होते. त्यातील शास्त्रज्ञ डॉ. टी. सी. आनंदकुमार यांनी १९९७ साली मुखोपाध्यायांच्या नोंदी अभ्यासून पहिलेपणाचा मान स्वतःहून त्यांना दिला. विज्ञानातील प्रामाणिकपणा याला म्हणतात.

आज प्रश्न मालकीचा आहे. सार्वजनिक संस्थांत वाढलेली ही विद्या मुख्यतः खासगी भांडवलाच्या हाती गेली आहे. प्रत्येक भ्रूण रुजत नाही. म्हणून उपचार पुन्हा पुन्हा करावे लागतात आणि दर वेळी पैसे मोजावे लागतात. अपत्यहीनतेचा दोष स्त्रीच्या माथी मारणारा समाज कष्टकरी कुटुंबाला कर्जाच्या खाईत लोटतो. २०२१ च्या कायद्याने केंद्रांची नोंदणी सक्तीची केली, बीजांडदात्या स्त्रीसाठी विम्याची अट घातली. उपचारांच्या दरांना मात्र लगाम घातला नाही.

म्हणून सरकारी व पालिका रुग्णालयांत हे उपचार परवडतील अशा दरात मिळावेत, यशाच्या खऱ्या प्रमाणाची माहिती रुग्णाला आधी देण्याचे बंधन असावे आणि बीजांड देणाऱ्या गरीब स्त्रियांचे शोषण थांबावे, या मागण्या चळवळीने हाती घेतल्या पाहिजेत. सुभाष मुखोपाध्यायांना तीच खरी आदरांजली ठरेल.