जागवायचे कोणाला?

विध्वंसक खाणकामाविरुद्ध भर रस्त्यात, कंपनीच्या दारात किंवा आगगाडीच्या रुळांवर एखादा प्रयोग उभा राहिला की मराठी समीक्षक आपली जुनी फूटपट्टी बाहेर काढतात : ही कला आहे की प्रचार? फडके-खांडेकरांच्या नावांनी ओळखला जाणारा कलावाद-जीवनवादाचा झगडा आता कित्येक दशके जुना झाला. त्यातील दोन्ही पक्ष मुख्यतः कथा-कादंबरीविषयी बोलत होते, याचा मात्र विसर पडतो. कादंबरी कोठेही नेऊन वाचता येते. रस्त्यावरचा प्रयोग एका ठिकाणी आणि एका वेळी घडतो, आणि तो करणाऱ्याचे शरीर तेथे हजर असते. तेव्हा त्याला विचारायचा पहिला प्रश्न असा की तो कोठे उभा आहे, कोणासमोर उभा आहे आणि त्या जागेशी त्याचे नाते काय आहे. हा प्रश्न न विचारल्यामुळे एकाच वेळी दोन उलट चुका घडत आल्या आहेत. अस्सल प्रयोगाची ‘निदर्शन’ म्हणून वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बोळवण होते, आणि उसन्या वेदनेची देखणी दृश्ये ‘सादरीकरण-कला’ म्हणून गौरविली जातात.

अशा प्रयोगांच्या पत्रकांत ‘जनजागृती’ हा शब्द हटकून असतो. दिसायला तो निरुपद्रवी आहे. पण कोणीतरी झोपले आहे, हे त्यात गृहीत धरलेले असते. चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस, माजरी, दुर्गापूर किंवा सास्ती येथील माणूस कोळशाविषयी झोपलेला नाही. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर, अंगणातल्या तुळशीवर, उमललेल्या कापसाच्या बोंडावर बसणारी काळी पूड तो रोज पाहतो. सुरुंगाच्या हादऱ्याने घराच्या भिंतीला गेलेला तडा त्याच्या माहितीचा आहे. खाण कोरडी ठेवण्यासाठी पाणी उपसले जाते तेव्हा शेजारच्या विहिरी का खोल जातात, हे त्याला कोणत्याही मुखवटाधारी नटाने येऊन समजावण्याची गरज नाही. उलट या बाबतीत तोच जाणकार आहे.

झोप आहे ती दुसऱ्या टोकाला. भद्रावती तालुक्यातील बरांजची उघडी खाण महाराष्ट्राच्या भूमीवर असली, तरी ती कर्नाटक शासनाच्या वीज महामंडळासाठी खणली गेली. तिचा कोळसा मुळात बळ्ळारी जिल्ह्यातील कुडितिनी येथील औष्णिक केंद्रासाठी होता. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2014 मध्ये 214 खाणपट्ट्यांचे वाटप रद्द केले, त्यात हाही पट्टा गेला. नंतर तो पुन्हा त्याच महामंडळाकडे आला आणि काही वर्षांच्या खंडानंतर उत्खनन सुरू झाले. बरांजच्या विस्थापितांचा पुनर्वसनाचा प्रश्न या साऱ्या काळात लोंबकळतच राहिला. वीज एकाच जाळ्यातून वाहत असल्यामुळे बंगळूरच्या पूर्वेकडील वेशीवर, होसकोट्यात, संध्याकाळी लागलेला दिवा नेमका कोणत्या खाणीचा, हे तेथल्या माणसाला कधीच सांगता येणार नाही. जागृती करायचीच असेल तर या न सांगता येण्याची करावी लागेल. ती करायला खाणकामगाराचे काळे तोंड उपयोगी पडत नाही, कारण ते तोंड पाहणाऱ्याला दया येते आणि दया आली की तो स्वतःला त्या व्यवहाराबाहेर समजू लागतो. शहरी चौकांत अंगाला कोळसा फासून निश्चल पडून राहणाऱ्या होतकरू कलावंतांना हे कोणीतरी स्पष्टपणे सांगायला हवे होते, आणि ते काम समीक्षेचे होते.

जानेवारी 2014 मध्ये मुंबईत महालक्ष्मी येथील एस्सारच्या मुख्यालयावर ग्रीनपीसच्या कार्यकर्त्यांनी प्रचंड फलक सोडला आणि वाघाचा वेश घेतलेले कार्यकर्ते दारात येऊन बसले. निमित्त होते मध्य प्रदेशातील सिंगरौलीजवळच्या महान जंगलातील प्रस्तावित कोळसा खाणीचे. जागेची निवड अचूक होती, कारण जंगलाचा निर्णय जेथे होतो तेथेच जंगल आणून उभे केले गेले. दोष आहे तो वाघात. वाघ हे शहराला प्रिय असलेले प्रतीक आहे. त्याच्याशी कोणाचाही जमिनीचा वाद नसतो. महानच्या जंगलात मोह आणि तेंदूपत्ता वेचून जगणारी माणसे या रूपकात मावत नाहीत. रूपक सोपे झाले की आशयातील सर्वांत अडचणीचा भाग प्रथम गळून पडतो, हा काव्यसमीक्षेतला प्राथमिक धडा येथेही लागू आहे.

याच्या शेजारी गोव्यातील चांदरची रात्र ठेवून पाहावी. गोव्यात कोळशाची खाण नाही. तेथे कोळसा मुरगाव बंदरात जहाजांनी उतरतो आणि वास्को, मडगाव, चांदर, कुळे असा घाट चढून कर्नाटकातील पोलाद कारखान्यांकडे जातो. वाटेवर गावे आहेत आणि घाटात भगवान महावीर अभयारण्य व मोलेचे राष्ट्रीय उद्यान आहे. या लोहमार्गाच्या दुपदरीकरणाचे काम चांदर येथे 1 नोव्हेंबर 2020 च्या मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत करण्याचे ठरले होते. त्या रात्री हजारो माणसे तेथे जमली. मेणबत्त्या आणि मशाली होत्या, वाद्ये होती, गाणी होती. माणसे रुळांवर बसली आणि कामाची वेळ संपेपर्यंत हलली नाहीत. नंतर काही जणांवर गुन्हेही नोंदविले गेले.

प्रयोग म्हणून या रात्रीकडे नीट पाहिले पाहिजे. तिची वेळ आंदोलकांनी ठरविलेली नव्हती. ती रेल्वेने ठरविलेली होती आणि लोकांनी ती जशीच्या तशी उचलली. मंच बांधावा लागला नाही, कारण ज्या रुळांविषयी बोलायचे तेच रूळ पायांखाली होते. कोणीही कशाचे सोंग घेतले नव्हते, कोणी वाघ झाले नव्हते. चांदरचा रहिवासी चांदरचा रहिवासी म्हणूनच बसला होता आणि त्याच्या बसण्याने एक रात्र काम थांबत होते. नाट्यशास्त्रात ज्याला अनुकरण म्हणतात ते येथे जवळजवळ शून्य आहे. म्हणून ही कला नव्हे, असे म्हणणाऱ्यांनी कार्निव्हलच्या दिवसांत त्याच चांदरला जावे. तेथील ख्रिस्ती पुरुष हातांत मुसळे घेऊन, जमिनीवर ठेका धरीत, गावातून ‘मुसळ खेळ’ नाचत जातात. धर्म बदलला, राज्ये बदलली, पण गावाची जमीन पायाने आणि मुसळाने ठोकून आपली म्हणण्याचा विधी टिकला. ज्या गावाजवळ असा वारसा आहे, त्याला जागा कशी धरून ठेवावी हे शिकविण्याची आवश्यकता नव्हती. (चांदर म्हणजे जुने चंद्रपूर, कदंबांची एके काळची राजधानी, एका चंद्रपुरातून कोळसा निघतो आणि दुसऱ्या चंद्रपुराच्या उंबऱ्यावरून कोळसा जातो, हा योगायोग भाषेच्या अभ्यासकांना तरी खटकायला हवा होता.)

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वाजवी आहे. 9 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिनईघाट ते कुळे या टप्प्यातील दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मान्यता रद्द केली, ती गाणी ऐकून नव्हे. त्यामागे केंद्रीय अधिकारप्राप्त समितीचा अहवाल होता आणि कागदपत्रांवर राबलेली माणसे होती. हे मान्यच केले पाहिजे. प्रयोगाच्या पदरात न्यायालयाचा निकाल टाकणे ही भाबडी समीक्षा होय. पण त्याच न्यायाने प्रयोगाकडे निकालाची मागणी करणेही चूक आहे. चांदरच्या रात्रीने एवढेच केले की ‘मालवाहतूक’ या निर्जीव शब्दाखाली दडलेला कोळसा लोकांच्या नजरेसमोर आणून बसविला. कलाकृतीकडून याहून अधिक काही मागण्याचा अधिकार समीक्षेला आहे काय?

कलादालन हे सर्वस्वी खोटे स्थळ आहे, असा याचा अर्थ काढू नये. सास्ती येथे 1986 साली जन्मलेले प्रभाकर पाचपुते खाणीत राबलेल्या घरातून आले. कोळशाच्याच कांडीने ते भिंतीवर चित्रे काढतात, आणि प्रदर्शन संपल्यावर अशी भित्तिचित्रे पुसली जातात. 2012 साली मुंबईतील क्लार्क हाउसमध्ये त्यांचे खाणविषयक प्रदर्शन झाले. 2021 साली कार्डिफच्या ‘आर्टेस मुंडी’ पुरस्काराच्या सहा मानकऱ्यांत ते होते. त्यांच्या हातातील कोळसा उसना नाही, म्हणून परक्या शहराच्या भिंतीवरही तो खरा उमटतो. साओ पावलो आणि कार्डिफला जे दिसले, त्याची दखल मराठी वाङ्मयीन नियतकालिकांनी कितपत घेतली, हे ग्रंथालयांतील बांधीव अंक चाळून कोणाही विद्यार्थ्याला पाहता येईल.

झाडीपट्टीच्या बाबतीतही हीच उपेक्षा आहे. दिवाळीनंतर वडशापासून चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावोगावी रात्रभर नाटके होतात. त्याआधीची दंडार आणि खडी गंमत तर गावाच्या मातीवर, नेपथ्यावाचून उभी राहणारी. परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीवर चार कौतुकाचे लेख आले. धानाच्या आणि कोळशाच्या या मुलखात एवढी जिवंत रंगभूमी असताना खाणीविरुद्धच्या प्रयोगाचा नमुना शोधायला समीक्षक बर्लिन आणि न्यूयॉर्कची पुस्तके उघडतात.

समजा, होसकोट्याच्या बसस्थानकाबाहेर बरांजची दंडार उभी करायची आहे. बोली झाडीची, प्रेक्षक कन्नड, काही तेलुगू, काही उर्दू. शब्दांपैकी निम्म्याहून अधिक वाया जाणार. मग उरतील पायांचा ठेका, ढोलकी, आणि बरांजहून आलेली, स्वतःच्या गेलेल्या घराचा आकार चुन्याने रस्त्यावर आखणारी चार माणसे. आखलेल्या घरातून वाट काढीत प्रवाशांना बस गाठावी लागेल. दुकानांचे दिवे तोवर लागलेले असतील.