ना व्हिसा, ना विमान: ‘व्हर्च्युअल स्टुडंट एक्स्चेंज’ म्हणजे काय? त्याचे क्रेडिट आपल्या पदवीत धरले जातात का?

सकाळचे साडेसहा. समजा, साताऱ्यातली एक विद्यार्थिनी लॅपटॉप उघडून बसली आहे. घरात अजून चहा व्हायचाय, पण तिचा तास सुरू झालाय. शिकवणारे प्राध्यापक हाँगकाँगमध्ये आहेत आणि तिथे नऊ वाजलेत. स्क्रीनवर तिच्यासोबत जपान, मेक्सिको, ऑस्ट्रेलियातले विद्यार्थी आहेत. तिने व्हिसासाठी रांग लावलेली नाही, की बँकेतून शैक्षणिक कर्ज काढलेलं नाही.

ऐकायला हे छानच वाटतं. पण सत्र संपल्यावर एक साधा प्रश्न उरतो. या विषयाचे गुण तिच्या इथल्या मार्कशीटवर येणार का? की हाती फक्त लिंक्डइनवर टाकायला एक प्रमाणपत्र उरणार?

व्हर्च्युअल स्टुडंट एक्स्चेंजचा सगळा खेळ या एका प्रश्नाभोवती फिरतो.

आत्ताच याकडे का बघायचं?

परदेशी शिक्षणाची ओढ कमी झालेली नाही. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात एकट्या अमेरिकेत ३ लाख ३१ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी होते. पण तिथे पोहोचण्याचा रस्ता अवघड होत चालला आहे. कॅनडाने जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२४ पासून विद्यार्थी व्हिसाचं शुल्क ७१० वरून थेट १,६०० ऑस्ट्रेलियन डॉलर केलं. अमेरिकेने मे २०२५ मध्ये विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती काही आठवडे थांबवल्या होत्या.

त्यामुळे ‘घरी बसून परदेशी विद्यापीठ’ ही जाहिरात पटकन डोळ्यांत भरते. अडचण अशी की, या एकाच नावाखाली चार वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

चार गोष्टी, चार अर्थ

पहिली गोष्ट म्हणजे खुला ऑनलाइन कोर्स. कोर्सेरा किंवा एडएक्ससारख्या मंचांवर कुणीही नाव नोंदवू शकतं. शिकायला उत्तम, पण तुमच्या कॉलेजचा त्याच्याशी आपोआप संबंध येत नाही.

दुसरी म्हणजे ‘कॉइल’. दोन देशांतले दोन प्राध्यापक मिळून काही आठवड्यांचा भाग शिकवतात आणि विद्यार्थी एकत्र प्रकल्प करतात. विद्यार्थी आपल्याच विषयाला बसलेला असतो, त्यामुळे वेगळे क्रेडिट आणण्याचा प्रश्नच येत नाही.

तिसरी म्हणजे खरं व्हर्च्युअल एक्स्चेंज. इथे विद्यार्थी आपल्या विद्यापीठात राहूनच परदेशी विद्यापीठाचा पूर्ण विषय घेतो. तिथले तास, तिथली परीक्षा, तिथलं गुणपत्रक. फी मात्र आपल्याच संस्थेत भरायची आणि क्रेडिट म्हणजे श्रेयांक आपल्याच पदवीत मोजले जायचे, असा करार दोन्ही संस्थांमध्ये आधीच झालेला असतो.

चौथी म्हणजे परदेशी विद्यापीठाची संपूर्ण ऑनलाइन पदवी. हे एक्स्चेंज नाही. सर्वात जास्त फसगत इथेच होते.

ही कल्पना आली कुठून?

कॉइलची सुरुवात अमेरिकेतल्या स्टेट युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्कमध्ये झाली. तिथे २००६ मध्ये त्यासाठी स्वतंत्र केंद्र उभं राहिलं. युरोपीय महासंघाने २०१८ ते २०२० या काळात इरास्मस प्लसअंतर्गत युरोप आणि भूमध्य समुद्राच्या दक्षिणेकडचे देश यांच्यात व्हर्च्युअल एक्स्चेंजचा प्रयोग केला.

खरा वेग आला तो कोविडमुळे. २०२० मध्ये सीमा बंद झाल्या. प्रशांत महासागराभोवतीच्या देशांतल्या विद्यापीठांचा ‘एप्रू’ नावाचा गट आहे. त्याने त्याच वर्षी व्हर्च्युअल स्टुडंट एक्स्चेंज सुरू केलं आणि त्याची सूत्रं चायनीज युनिव्हर्सिटी ऑफ हाँगकाँगकडे दिली. सदस्य विद्यापीठांचे विद्यार्थी एकमेकांचे विषय ट्यूशन फी न भरता घेऊ शकतात, हे त्याचं सूत्र. त्याच वर्षी अमेरिका खंडातल्या विद्यापीठांच्या संघटनेने ‘ई-मूव्हिज’ हा असाच उपक्रम सुरू केला.

या सगळ्यात एक गोष्ट समान आहे. विद्यार्थी एकटा जाऊन यात शिरू शकत नाही. आधी त्याच्या विद्यापीठाला सदस्य व्हावं लागतं किंवा करार करावा लागतो.

क्रेडिटचं गणित

प्रत्येक देशाचं माप वेगळं आहे. भारताच्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यानुसार एका वर्षाचे साधारण ४० क्रेडिट होतात आणि एक क्रेडिट म्हणजे शिकण्याचे ३० तास. युरोपात एका वर्षाचे ६० क्रेडिट असतात, तर अमेरिकेत साधारण ३०.

म्हणजे युरोपातला ६ क्रेडिटचा विषय, अमेरिकेतला ३ क्रेडिटचा विषय आणि आपल्याकडचा ४ क्रेडिटचा विषय हे वजनाने जवळपास सारखेच. तिन्ही ठिकाणी तो वर्षाच्या अभ्यासाचा दहावा भाग होतो. ‘तिकडचे ६ क्रेडिट म्हणजे इकडचे ६’ असं कुणी सांगत असेल, तर तिथेच थांबायला हवं. किती क्रेडिट धरायचे आणि परदेशी ग्रेडचं इथे काय करायचं, हे विद्यार्थ्याचं विद्यापीठ ठरवतं.

भारतातले नियम काय सांगतात?

२०२१ मध्ये अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे ‘एबीसी’ सुरू झाली. यात क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात. नाव बँक असलं, तरी विद्यार्थी स्वतः प्रमाणपत्र नेऊन त्यात जमा करू शकत नाही. क्रेडिट संस्थाच जमा करते.

त्याच वर्षी यूजीसीने एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय ऑनलाइन करण्याची मुभा दिली. पण ती ‘स्वयम्’ या सरकारी मंचावरच्या कोर्ससाठी आहे. परदेशी मंचावरचा कोणताही कोर्स त्यात बसतो, असा त्याचा अर्थ नाही.

मे २०२२ मध्ये परदेशी विद्यापीठांसोबतच्या ट्विनिंग, जॉइंट आणि ड्युअल डिग्रीचे नियम आले. ट्विनिंगमध्ये परदेशी संस्थेतले क्रेडिट ३० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाहीत. नॅकमध्ये किमान ३.०१ गुण असलेल्या किंवा एनआयआरएफच्या विद्यापीठ गटात पहिल्या शंभरात असलेल्या संस्थांना जगातल्या पहिल्या हजार संस्थांशी वेगळ्या मंजुरीशिवाय करार करता येतो. मात्र ऑनलाइन आणि दूरस्थ अभ्यासक्रमांना हे नियम लागू होत नाहीत. त्यामुळे एखाद-दुसरा ऑनलाइन विषय पदवीत धरायचा की नाही, हे शेवटी विद्यापीठाच्या विद्या परिषदेपर्यंत येतं.

पूर्ण ऑनलाइन पदवीबद्दल यूजीसीने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट इशारा दिला होता. काही एडटेक कंपन्या परदेशी विद्यापीठांशी संधान बांधून इथे पदव्या विकत होत्या. अशी ‘फ्रँचायझी’ पद्धत चालणार नाही आणि त्या पदव्यांना मान्यता नसेल, असं आयोगाने सांगितलं.

मग संधी कुणाला?

एक्स्चेंज ऑनलाइन झालं की पैशांची भिंत पडते, असं म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. विमान, हॉस्टेल, विमा हा खर्च वाचतो. पण दुसरी भिंत तशीच राहते, ती म्हणजे संस्था.

महाराष्ट्रातले बहुतांश पदवीचे विद्यार्थी संलग्न महाविद्यालयांत शिकतात. तिथला अभ्यासक्रम आणि परीक्षा विद्यापीठ ठरवतं. प्राचार्यांना कितीही वाटलं, तरी परदेशी विषयाचे क्रेडिट ते स्वतःच्या सहीने मान्य करू शकत नाहीत. स्वायत्त महाविद्यालयांना अभ्यासक्रम आखण्याची मोकळीक जास्त असते. अभिमत आणि मोठ्या खासगी विद्यापीठांकडे तर आंतरराष्ट्रीय संबंधांसाठी वेगळं कार्यालयच असतं.

परिणाम असा की, ज्यांना प्रत्यक्ष परदेशी जाणं परवडू शकतं, त्यांच्याच कॉलेजात व्हर्च्युअल एक्स्चेंजही आधी येतं. ज्यांच्यासाठी हा पर्याय सर्वात उपयोगाचा, त्यांच्यापर्यंत तो शेवटी पोहोचतो.

सार्वजनिक विद्यापीठांना हे जमत नाही, असं मात्र नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने मेलबर्न विद्यापीठाच्या सहकार्याने ‘बीएस्सी ब्लेंडेड’ अभ्यासक्रम सुरू केला. तो एक्स्चेंज नाही, त्याचे वर्ग पुण्यातच भरतात. पण विद्यापीठाने मनावर घेतलं तर करार होऊ शकतो, हे त्यातून दिसतं. असा करार संलग्न महाविद्यालयांसाठीही खुला ठेवला, तर साताऱ्याच्या किंवा लातूरच्या विद्यार्थ्याला तो मिळू शकेल.

घरबसल्या, पण सोपं नाही

वेळेचं गणित आधी बघावं. न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यात दुपारी दोनला असलेला तास भारतात रात्री साडेबाराला सुरू होतो. मार्चमध्ये तिथली घड्याळं एक तास पुढे जातात आणि तोच तास सत्राच्या मध्येच रात्री साडेअकरावर येतो. हाँगकाँग, सिंगापूर भारताच्या अडीच तास पुढे असल्याने तिकडचे तास जास्त सोयीचे.

दुसरी गोष्ट परीक्षांची. तिकडची सत्रं आपल्या वेळापत्रकाशी जुळत नाहीत. तिकडचं सबमिशन आणि इकडची परीक्षा एकाच आठवड्यात येऊ शकते. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्यांना इंग्रजीतल्या गटचर्चेची सवय व्हायला वेळ लागतो. त्यामुळे पहिल्याच वेळी दोन-तीन विषय घेण्यापेक्षा एक घेतलेला बरा.

आणि जे मिळत नाही, तेही माहीत असावं. व्हर्च्युअल एक्स्चेंजमुळे त्या देशात काम करण्याचा परवाना मिळत नाही, व्हिसाची हमी मिळत नाही. वसतिगृहातल्या मैत्रीचा, नव्या शहरात एकटं राहून शिकण्याचा अनुभवही मिळत नाही.

नाव नोंदवण्याआधी काय विचारावं?

- आपल्या विद्यापीठाचा त्या परदेशी विद्यापीठाशी थेट करार आहे का? मध्ये एखादी कंपनी असेल, तर पैसे कुणाच्या खात्यात जाणार?
- या विषयाचे इथे किती क्रेडिट धरले जातील आणि कोणत्या विषयाच्या जागी?
- ग्रेडचं रूपांतर कसं होणार? तिकडे नापास झालं, तर इथे काय?
- अधिकृत गुणपत्रक परदेशी विद्यापीठ थेट आपल्या संस्थेला पाठवणार का?
- क्रेडिट एबीसी खात्यात कोण आणि कधी जमा करणार?

या उत्तरांना तोंडी ‘होऊन जाईल’ पुरेसं नाही. ती लेखी हवीत आणि पहिला तास सुरू होण्याआधी हवीत. साताऱ्यातल्या त्या विद्यार्थिनीकडे असं पत्र असेल, तर सकाळी साडेसहाचा तास तिच्या पदवीचा भाग ठरेल. नसेल, तर तिने अभ्यास तेवढाच केलेला असेल, पण मार्कशीटवर त्याची नोंद नसेल.