टाइमशेअर रिसॉर्टमधील जादा आरक्षण व सदस्यांचे स्थलांतर रोखण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. मुख्य आयुक्त,
केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण, नवी दिल्ली.

विषय : ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 च्या कलम 18 अन्वये टाइमशेअर आरक्षणांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जारी करण्याबाबत.

महोदय/महोदया,

टाइमशेअर म्हणजे ठरावीक वर्षांसाठी, दरवर्षी साधारणतः एक आठवडा रिसॉर्टमध्ये राहण्याचा आगाऊ विकत घेतलेला हक्क असून, त्यापोटी सदस्य सुरुवातीला मोठी रक्कम आणि पुढे दरवर्षी देखभाल शुल्क भरतो. अनेक करारांत आठवडा आधी ठरलेला नसल्याने दिवाळी, नाताळ व मे महिन्याच्या सुट्टीत गोवा किंवा महाबळेश्वरसारख्या ठिकाणी मागणी एकवटते, आणि खोल्यांपेक्षा अधिक आरक्षणे, म्हणजेच जादा आरक्षणे, स्वीकारली गेल्यास निश्चितीपत्र हाती असलेल्या सदस्याचीच ऐनवेळी अन्यत्र रवानगी होते.

पाहुणा न आल्यास खोली रिकामी राहून नुकसान होते, असे समर्थन हॉटेल व्यवसायात जादा आरक्षणासाठी दिले जाते. परंतु टाइमशेअर सदस्याने त्या आठवड्याचे मोल आधीच चुकते केलेले असल्याने ते येथे लागू पडत नाही. करारातील ‘उपलब्धतेनुसार’ ही अट आरक्षण निश्चित होईपर्यंतच ग्राह्य धरली पाहिजे; त्यानंतर खोली राखणे ही कंपनीचीच जबाबदारी होय. स्वयंपाकघरासह दोन शयनकक्षांची जागा आरक्षित केलेल्या कुटुंबाला किनाऱ्यापासून दूरच्या हॉटेलात दोन सुट्या खोल्या दिल्या, तर वृद्ध आईवडिलांच्या पथ्यपाण्याची सोयही उरत नाही. अशा निवासाला ‘समकक्ष’ म्हणणे ही ग्राहकाची दिशाभूल ठरते.

ग्राहकावर अवाजवी अट लादून त्याला प्रतिकूल स्थितीत टाकणारा करार कलम 2(46) नुसार अनुचित ठरू शकतो; तथापि सुट्टी वाया गेल्यावर प्रत्येक कुटुंबाने ग्राहक आयोगाची पायरी चढावी, हा पुरेसा उपाय नव्हे. विमानप्रवासात जादा आरक्षण झाल्यास आधी स्वेच्छेने जागा सोडणारे प्रवासी शोधावेत आणि प्रवेश नाकारलेल्यांना ठरलेली भरपाई द्यावी, असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम असून, पर्यायी विमान 24 तासांनंतरचे असल्यास ही भरपाई कमाल 20,000 रुपयांपर्यंत असते. तशीच तरतूद टाइमशेअर सदस्यांसाठीही आवश्यक आहे.

मागण्या :

1. निश्चित झालेले आरक्षण सदस्याच्या लेखी संमतीशिवाय बदलू नये व स्थलांतरासाठी प्रथम स्वेच्छेने तयार असलेले सदस्य शोधावेत.

2. ठिकाण, खोलीचा आकार, स्वयंपाकघर व अन्य सुविधा या निकषांवर ‘समकक्ष’ या संज्ञेची व्याख्या करावी.

3. सदस्याने पर्याय नाकारल्यास आठवडा त्याच्या खात्यात पुन्हा जमा करावा, तसेच त्या वर्षाचे देखभाल शुल्क, वाया गेलेला प्रवासखर्च व निश्चित भरपाई द्यावी.

4. एका खोलीतून वर्षाला जेमतेम 52 आठवडेच उपलब्ध होतात, हे लक्षात घेऊन कंपन्यांनी सदस्यसंख्या, खोल्यांची संख्या व बाहेरील पाहुण्यांना दिलेल्या खोल्यांची माहिती दरवर्षी जाहीर करावी. सदस्यांची मागणी प्रलंबित असताना खोल्या बाहेर विकू नयेत.

कष्टाची बचत अनेक वर्षांच्या विश्वासावर आगाऊ गुंतवणाऱ्या कुटुंबांना दिलेला शब्द पाळला जावा, यासाठी प्राधिकरणाने या मागण्यांवर आगामी सुट्टीच्या हंगामापूर्वी निर्णय घ्यावा, ही नम्र विनंती.

निवेदनकर्ते,
टाइमशेअर सदस्य ग्राहक