तुमचं काय गेलं?

आर्वीकडच्या आमच्या गावाला लागून झुडपी जंगल होतं. पळस, बोरी, हिवर, सिंदी. मोठं झाड शोधून सापडायचं नाही. सकाळी गायकी आखरावर ढोरं जमवायचा अन् तिकडे हाकायचा. आमच्या दोन पांढऱ्या गवळाऊ गायी त्यात असत. आजी सिंदीचे फडे तिथल्याच पानांचे बांधायची.

एका उन्हाळ्यात तिथं तारेचं कुंपण आलं. विचारायला गेलो तर साहेब म्हणाले, "सरकारी पडीत आहे ते, तुमचं काय गेलं?"

काय गेलं! गायकीचं काम गेलं. ढोरं धुऱ्यावर आली, भांडणं झाली, मग ढोरं बाजारात गेली. बाबांनी दोन्ही गायी एकाच आठवड्यात विकल्या अन् दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

सरकारी म्हणजे सरकारच्या बापाचं आहे काय? 1951 साली मालगुजारी गेली तेव्हा ही रानं सरकारकडे आली, ती राखायला. जमीन महसूल संहिता, 1966 चं कलम 161 काढून पाहा. गावातल्या कोणाच्याही कब्जात नसलेल्या जमिनीचं निस्तारपत्रक कलेक्टरनं करायचं, अन् गावकऱ्यांची इच्छा विचारून करायचं. चराई, जळतण, मुरूम, सगळं त्यात येतं. बियास नदीकाठच्या एका हॉटेलाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 13 डिसेंबर 1996 ला सांगितलं की अशा सामाईक संपत्तीचं सरकार विश्वस्त आहे. विश्वस्तानं ठेव विकायची नसते, हे आमच्या गायक्यालाही कळत होतं.

22 मे 2025 ला त्याच न्यायालयानं पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांतलं, म्हणजे आपल्या वर्ध्यातलंही, झुडपी जंगल वनच आहे असं ठरवलं. जवळपास 86 हजार हेक्टर. अतिक्रमणं काढायचाही आदेश आहे. चांगलं झालं. पण मले भीती वेगळीच वाटते. उद्या कुंपणवाला वकील लावून बसेल अन् 'चराई बंद'ची पाटी शेळीवालीसमोर लागेल. रान खाल्लं कोणी अन् दंड कोणाले? राखायचं असेल तर आधी निस्तारपत्रक ग्रामसभेत वाचून दाखवा.

आमच्या गावाच्या पत्रकाची नक्कल मी मागितली आहे. अर्ज पोळ्याच्या आधी दिला. आता तुरी निघाल्या. "कपाटाची चाबी सापडत नाही," म्हणतात.