रूळ गेले, वाट राहू द्या

परवा ओसरी झाडताना सौ. म्हणाल्या, "ही सायकल आता भंगारात द्यायची का?" मी काही बोललो नाही. दोन वर्षांपूर्वी उसाच्या दिवसांत सेलू रस्त्यावर एका ट्रॅक्टरच्या मागच्या ट्रॉलीने मला रस्त्याखाली उतरवले. खुबा वाचला, खांद्याचे हाड गेले. ट्रॅक्टरवाल्याला बहुधा कळलेही नसेल. तेव्हापासून मुलाचा फोनवरून हुकूम आहे, "बाबा, सायकल बंद." पस्तीस वर्षे सायकलवर शाळेत गेलेला माणूस मी. आता टायरमधली हवा गेलीय आणि सीटवर चिमण्यांनी घाण केलीय.

पण तुम्हाला सांगतो, मला सायकलची भीती वाटत नाही, रस्त्याची वाटते. हा फरक मला कळला तो २०१८ साली, मुलाकडे इंग्लंडात ब्रिस्टलला गेलो होतो तेव्हा. तिथे ब्रिस्टल ते बाथ अशी सुमारे २१ किलोमीटरची सायकलवाट आहे. ती मूळची रेल्वेलाईन, १८६९ सालची. १९६० च्या दशकात तिकडच्या सरकारने तोट्यातल्या पुष्कळ लाईनी बंद केल्या, त्यात हिच्या प्रवासी गाड्या १९६६ ला थांबल्या. पुढे रूळही उखडले. मग सायकलवाल्या मंडळींनी, बरेचसे श्रमदानाने, १९७९ ते १९८६ या काळात त्या जागेवर वाट केली. बोगदा आहे, पूल आहेत, एका ठिकाणी जुन्या स्टेशनचा फलाट तसाच उभा आहे. मुलाने भाड्याची सायकल आणून दिली आणि मी, सदुसष्ट वर्षांचा मराठवाड्यातला मास्तर, धोतर नव्हे पण पायजमा क्लिपने बांधून निघालो... धाप लागली नाही. मागून हॉर्न नाही. शेजारून शाळेची पोरे, एक बाई बाळाला पुढच्या टोपलीत बसवून, माझ्याहून म्हातारे एक जोडपे.

धाप का लागली नाही, याचे उत्तर भूगोलात नाही, इंजिनात आहे. आगगाडीला चढ सोसत नाही. शंभर मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, एवढा चढही मालगाडीला जड जातो. म्हणून रेल्वेवाले टेकडी आली की खोदतात, खोलगट आले की भराव घालतात. जे ओझ्याच्या गाडीला सोपे, ते म्हाताऱ्याच्या गुडघ्याला सोपे! शिवाय भराव जमिनीच्या वर असतो आणि त्यावर खडी असते. आमच्या काळ्या रानातून पावसाळ्यात सायकल नेलेल्यांना याची किंमत कळेल. मडगार्डात चिखल भरून चाक जाम व्हायचे, आणि बाभळीच्या काटकीने तो काढत काढत मी पहिला तास बुडवल्याचे हेडमास्तरांच्या वहीत नोंदलेले असेल.

आता आपल्याकडचे पाहा. आमची मनमाड-सिकंदराबाद लाईन निजामाच्या काळातली मीटरगेज. आमच्या भागात नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झाली ती जवळजवळ त्याच जागेवर, त्यामुळे आमच्या वाट्याला सोडलेली वाट आलीच नाही. बार्शी लाईट रेल्वेचे तसे नाही. अडीच फुटी रुळांची ती गाडी १८९७ ला सुरू झाली, पुढे लातूर-मिरजेपर्यंत गेली. ब्रॉडगेज होताना काही ठिकाणी मार्ग बदलला. लातुरात 'जुनी रेल्वे लाईन' हा आता पत्ता सांगण्यापुरता शब्द आहे.

आणि शकुंतला! यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर, मिळून सुमारे १९० किलोमीटर. १९२१ साली मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन तिथे १९९४ पर्यंत धावत होते. आता गाडी बंद आहे. दारव्ह्याला माझे एक जुने सहकारी असतात. मी उत्साहाने त्यांना फोनवर म्हणालो, "तिथे सायकलवाट करायला हवी." ते चिडले. "गुरुजी, आमची गाडी गेली आणि तुम्ही आम्हाला सायकल देता?"

मी गप्प झालो. त्यांचे खरे होते. ती गरिबाची गाडी होती, चार रुपड्यांत बाजार गाठून देणारी. तिथल्या लोकांना ब्रॉडगेज हवी आहे आणि ती मिळायला हवी. पण तोवर त्या जागेचे काय? वापर थांबला की जागा कुणाची तरी होते. आधी गोठा, मग टपरी, मग पक्की भिंत. आमच्या वालूरची चक्राकार बारव अशीच गाळाने बुजली होती. गावाने ती साफ केली म्हणून पायऱ्या दिसल्या, आज लोक लांबून बघायला येतात. बारव निदान जागची हलत नाही. रेल्वेच्या पट्ट्याचे मात्र मधले दोनशे फूट गेले की उरलेले शंभर किलोमीटर निरुपयोगी.

अमेरिकेने यावर १९८३ च्या कायद्याने तोड काढली आहे. गाडी बंद झालेला पट्टा तुकडे न करता राखायचा, त्यावर सायकली चालू द्यायच्या, आणि पुढे रेल्वेला हवा झाला तर परत द्यायचा. बँकेत ठेव ठेवल्यासारखे. मला हे पटते. सायकलवाट ही गाडीची सवत नाही, राखणदार आहे. ब्रिस्टलच्या त्या वाटेवर बिटन नावाचे स्टेशन आहे. तिथे हौशी लोकांनी थोडे रूळ पुन्हा टाकून वाफेची गाडी सुरू केली आहे, आणि शेजारून सायकली चालतात. म्हणजे दोन्ही जमते.

सगळीकडे हे करा असेही नाही म्हणत मी. अकोट-खंडवा मीटरगेज मेळघाटाच्या वाघांच्या राज्यातून जात होती. नवी लाईन बाहेरून न्यायचे ठरले आहे. तिथे सायकलवाल्यांनीही जाऊ नये, वाघांना शांतता हवी.

शकुंतलेवर कारंज्याच्या, दर्यापूरच्या बाजूला निदान दहा किलोमीटर तरी करून बघा, एवढेच मागणे आहे. रूळ काढायचीही घाई नको, कडेने मुरुम टाकला तरी चालेल. शाळेला जाणाऱ्या मुली ट्रकपासून लांब होतील. सरकार मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या मुलींना सायकली देते, पण त्या चालवायच्या कुठे हे कोणी सांगत नाही.

तर... सौ.ना मी भंगारवाल्याला बोलवू दिले नाही. नवी ट्यूब टाकून घेतली. आपल्याकडे जुनी रेल्वे नसली तरी कालवा आहे. पाणीही चढ चढत नाही, म्हणून त्याच्या कडेची वाट तितकीच सपाट. सकाळी सायकल हातात धरून कालव्यापर्यंत चालत जातो आणि तिथून बसतो. मुलाला अजून सांगितलेले नाही.