कॅरॅव्हॅन पर्यटन : मार्ग रमणीय, मुक्कामाचे काय?

महाराष्ट्र आणि केरळ या दोन्ही राज्यांनी २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाची धोरणे स्वीकारली. निजण्याची, स्वयंपाकाची व स्वच्छतागृहाची सोय असलेल्या या वाहनांमुळे, जेथे पक्के बांधकाम करता येत नाही अशा ठिकाणीही पर्यटकांना राहता येईल, असा त्यामागील विचार आहे. केरळने २०२२ मध्ये वागमण येथे कॅरॅव्हॅन उद्यानही सुरू केले. मात्र मार्ग कसा आखावा, हा प्रश्न बव्हंशी प्रवाशांवरच सोपविलेला दिसतो.

कोकणातील रेवस-रेडी सागरी मार्ग हे याचे बोलके उदाहरण. नकाशावर अखंड भासणारी ही वाट खाड्यांनी ठिकठिकाणी तुटलेली आहे. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ अशा ठिकाणी वाहने फेरीबोटीतून नेण्याची सोय आहे. भरती-ओहोटीनुसार बोटीवर चढण्याचा उतार बदलतो. लहान मोटारीला तो सहसा अडवीत नाही. मागील चाकांच्या बराच मागेपर्यंत सांगाडा गेलेल्या वाहनाचा तळ मात्र तेथे घासू शकतो. खाड्यांवर पुलांची आखणी झालेली आहे. ते झाल्यावर अंतर घटेल आणि बोटीतून दिसणारी खाडीही हुकेल, हा भाग वेगळा. गावांतील जांभ्या दगडांच्या गडग्यांमधल्या अरुंद गल्ल्या आणि खाली झुकलेल्या विजेच्या तारा यांचा विचार नकाशा करीत नाही.

त्यामुळे राष्ट्रीय महामार्ग ६६ हा कणा धरून माणगावहून दिवेआगर, खेडहून दापोली, निवळीहून गणपतीपुळे असे फाटे घेणे अधिक व्यवहार्य ठरते. पुण्याकडून येणाऱ्यांनी ऋतूही पाहावा. वरंधा घाट पावसाळ्यात अनेकदा वाहतुकीस बंद ठेवला जातो.

खरा पेच मुक्कामाचा आहे. बांधकाम नाही म्हणून निसर्गाला उपद्रव नाही, हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. वाहनातील सांडपाण्याची व मैल्याची टाकी कोठे तरी रिकामी करावीच लागते. त्याची सोय नसेल तर ती रात्रीच्या अंधारात ओढ्यात किंवा खाजणात रिकामी होण्याचा धोका राहतो. शिवाय शेज व चूल बरोबर घेऊन फिरणारा पाहुणा किनाऱ्यावरील घरगुती निवास-न्याहारीला फारसे काही देत नाही. गावाच्या वाट्याला केवळ कचरा आला, तर स्थानिकांचा विरोध गैर म्हणता येणार नाही.

महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची हरिहरेश्वर, वेळणेश्वर, गणपतीपुळे आणि तारकर्ली येथे निवासस्थाने आहेत. क्रमाने घेतल्यास ही ठिकाणे एकमेकांपासून दिवसाच्या पल्ल्यात येतात. तेथे काही वाहनांना जागा, विजेची जोडणी आणि टाकी रिकामी करण्याची व्यवस्था दिली, जेवण गावातील खाणावळींतून मिळेल असे पाहिले, तर किनाऱ्याचा पहिला आखीव मार्ग नव्या उद्यानांची वाट न पाहता उभा राहू शकेल.